सहाशे साचे

हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, निघालेला एक छापखाना ६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजातच राहिला. जेझुइट बुस्तामांते तो चालवी. त्याच वर्षी त्यावर निघालेला पहिला मजकूर होता ‘कोंक्लुझोइश’: विद्यार्थ्यांनी जाहीर वादसभेत मांडायचे तत्त्वज्ञानातले सिद्धांत. भारतातलं मुद्रण एका विद्यापीठीय कागदाने सुरू झालं, याचा मला अतिशय आनंद वाटतो. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही.

१५६३ साली गार्सिया द ऑर्टाचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात मुद्रणदोष इतके, की शुद्धिपत्रालाच वीसेक पानं लागली. तरी पुढच्याच वर्षी तो पोर्तुगालमध्ये क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडला आणि १५६७ साली अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप निघाला. विद्वानांना छापखाना हवासा वाटला तो या वेगासाठी.

मराठीला मात्र तो वेग लाभला नाही. फादर थॉमस स्टीफन्सने १६०८ साली रोमला पत्र लिहून इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी मागितली. अडचणही त्यानेच सांगितली: युरोपात चोवीस साचे पुरतात, इथे जोडाक्षरांसह सहाशेच्या आसपास लागतील. खिळे पडले नाहीत. त्याचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापलं गेलं. देवनागरी खिळ्यांनी छापलेलं मराठीचं व्याकरण निघायला १८०५ उजाडलं, आणि तेही दूर बंगालात, कॅरीच्या श्रीरामपूर छापखान्यात.

ही कहाणी जुळवली ती फोंडा तालुक्यातल्या प्रियोळच्या अनंत काकबा प्रियोळकरांनी. १५६० साली कुशस्थळीचा देव मंगेश झुआरी नदी ओलांडून याच प्रियोळात आला होता. तेव्हा फोंडा आदिलशाहीत होता आणि पोर्तुगिजांकडे १७६३ मध्ये गेला. ज्या सत्तेने देव उठवले, तिच्याच छत्राखालच्या छापखान्याचा इतिहास प्रियोळकरांनी मनात किंतू न ठेवता लिहिला. ‘द प्रिंटिंग प्रेस इन इंडिया’ १९५८ साली मुंबईच्या मराठी संशोधन मंडळाने प्रसिद्ध केला. मुक्तेश्वराच्या आदिपर्वाच्या पोथ्या ताडून पाठ ठरवणारा हा माणूस. नकलकाराच्या हाताने काय बदलतं आणि खिळ्यांनी काय स्थिर होतं, हे त्यांना दोन्ही बाजूंनी ठाऊक होतं. म्हणूनच स्टीफन्सच्या पत्रातल्या त्या आकड्याचं मोल त्यांनी ओळखलं.