हुसेनसागराकाठचे लुंबिनी उद्यान

हैदराबादमधील हुसेनसागराच्या काठी, सचिवालयाजवळ लुंबिनी उद्यान आहे. बुद्धांच्या जन्मस्थानावरून त्याला हे नाव मिळाले. तलाव मात्र कुतुबशाही काळातला, 16व्या शतकात बांधलेला. उद्यानात फुलझाडांनी सजवलेले मोठे घड्याळ लक्ष वेधून घेते. हिरवळ, कारंजी आणि अंधार पडल्यावर रंगणारा लेझर शो यांमुळे संध्याकाळी येथे गर्दी होते. खरे आकर्षण आहे ते पाण्यात. धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी तलावाच्या मध्यावरील खडकापर्यंत नेतात. तेथे एकाच दगडातून घडवलेली, सुमारे 18 मीटर उंचीची बुद्धमूर्ती उभी आहे. 1990मध्ये तराफ्यावरून नेताना ही मूर्ती तलावात बुडाली. दोन वर्षे ती तळाशीच होती. अखेर बाहेर काढून डिसेंबर 1992मध्ये ती खडकावर बसवण्यात आली.