पोटातला मुद्देमाल

ऑक्टोबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चाकणच्या परिसरात जे वीस किलो मेफेड्रोन पकडले ते काही कोणाच्या उदरातून निघालेले नव्हते. आणि कोकेनच्या गिळलेल्या कॅप्सूली हा प्रामुख्याने मुंबईच्या विमानतळावरील अंमलदारांचा व जे. जे. रुग्णालयाचा मामला असल्यामुळे, आपल्या कारखानदारीच्या मुलखाला त्याची झळ नाही, असा समज येथे रूढ आहे. परंतु पोलीस दिसताच खिशातली पुडी घाईघाईने गिळणारा इसम भोसरीतही आढळू शकतो, आणि वैद्यकीय दृष्ट्या तो अधिक बेभरवशाचा. कारण तस्कराच्या कॅप्सूलवर रबराची एकावर एक आवरणे असतात, याच्या पुडीला मात्र प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा, त्यामुळे ऐवज थोडा असूनही गळती लवकर होते.

एक्स-रे निर्दोष आला म्हणजे पोट रिकामे, हाही भ्रमच. साध्या चित्रात कॅप्सूल निसटू शकते, लहान पुडी तर बहुधा दिसतच नाही, सी. टी. स्कॅन अधिक भरवशाचे, तरी तेही सर्वज्ञ नव्हे. लघवीच्या तपासणीवर विसंबणे त्याहून व्यर्थ, कारण आवरण शाबूत असेल तोवर तीत काही न येण्याचा संभव असतो, आणि आले तरी ते पूर्वीच्या सेवनाचे असू शकते.

सर्वांत घातक म्हणजे घरगुती उपचार. मीठपाणी पाजून ओकारी काढविली तर पुडी घशात अडकते किंवा फुटते. पॅराफिनसारख्या तेलकट रेचकाने रबर कमकुवत होते. रुग्णालयात पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे द्रावण देऊन आतडी सावकाश धुतात, आणि हृदयाची गती, रक्तदाब व ताप यांवर अहोरात्र नजर ठेवतात. पोट फाडूनच माल काढतात ही ऐकीव गोष्ट. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. आतडे तुंबले, अथवा कोकेन गळू लागले, तर मात्र विलंब परवडत नाही, कारण हेरॉइनवर नॅलॉक्सोन हा उतारा आहे, कोकेनवर तसा एकही नाही.

पोलिसी दडपणाखाली डॉक्टर हवे ते करतात, असेही बोलले जाते. निदान सीमाशुल्क अंमलदारांच्या बाबतीत सीमाशुल्क कायदा, १९६२ चे कलम १०३ पाहावे: संशयिताने स्वतः कबुली देऊन संमती दिली नसेल, तर एक्स-रेसाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो, आणि पोटातील माल बाहेर काढणे नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याने व देखरेखीखालीच व्हावे लागते. इसमाने सांगितलेल्या पुड्यांच्या संख्येवर विसंबून मात्र कोणताही जाणता डॉक्टर त्याला घरी सोडीत नाही. पुन्हा स्कॅन होतो, मगच रजा मिळते.