धोक्याचा रंग ठरवतं कोण?

1 ऑगस्ट 2004, रविवार. अमेरिकेचे अंतर्गत सुरक्षामंत्री टॉम रिज यांनी पत्रकारांना बोलावलं आणि थेट इमारतींची नावंच घेतली: न्यूयॉर्कचा शेअर बाजार, सिटीग्रुप, नेवार्कमधलं प्रुडेन्शियलचं मुख्यालय, वॉशिंग्टनमधली जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी. अल कायदाने या इमारतींची टेहळणी केली आहे, म्हणून या भागांपुरता इशारा पिवळ्यावरून नारिंगीवर. सोमवारी कामावर येणाऱ्यांच्या समोर रायफली घेतलेले पोलीस उभे होते.

त्याच्या तीनच दिवस आधी बोस्टनमध्ये जॉन केरी यांनी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारली होती. निवडणूक तीन महिन्यांवर आलेली. त्यात रिज यांनी त्याच निवेदनात राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या नेतृत्वाचं कौतुकही करून घेतलं. डेमोक्रॅटिक नेते हॉवर्ड डीन यांनी लगेच राजकारणाचा संशय बोलून दाखवला. एक-दोन दिवसांत बातमी फुटली, की टेहळणीची बरीचशी माहिती तीन-चार वर्षं जुनी, म्हणजे 11 सप्टेंबरच्या हल्ल्याच्याही आधीची आहे. मग काय विचारता! आमच्या खात्यात राजकारण चालत नाही, असा खुलासा मंत्र्यांना करावा लागला.

गंमत अशी, की इशारा खोटा नव्हता. त्याच आठवड्यात लंडनमध्ये धीरेन बारोट पकडला गेला. बडोद्यात जन्मलेला, इंग्लंडमध्ये वाढलेला आणि धर्मांतर करून जिहादींत सामील झालेला हा माणूस. नेमक्या याच इमारतींची टिपणं त्याने तयार केली होती. 2006 साली त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. पण तोवर निम्म्या अमेरिकेच्या लेखी तो नारिंगी रंग प्रचाराचाच भाग होऊन बसला होता.

हा संशय एका दिवसात उगवलेला नव्हता. मार्च 2002 मध्ये रंगांची पद्धत सुरू झाली: हिरवा, निळा, पिवळा, नारिंगी, लाल. सुरुवात पिवळ्यापासून झाली आणि पुढची नऊ वर्षं, म्हणजे पद्धत बंद होईपर्यंत, हिरवा किंवा निळा रंग देशाला दिसलाच नाही. ज्या मोजपट्टीचे खालचे दोन आकडे कधी वापरलेच जात नाहीत, तिच्यावर लोकांनी विसंबावं कसं? शिवाय रंग बदलला तर नागरिकाने करायचं काय, हेही कोणी धड सांगत नव्हतं. फेब्रुवारी 2003 मध्ये सांगायचा प्रयत्न झाला, तो असा: रासायनिक हल्ल्याची तयारी म्हणून घरात प्लॅस्टिकचे तागे आणि डक्ट टेप, म्हणजे रुंद चिकटपट्टी, आणून ठेवा. दुकानांतली टेप संपली. एका गृहस्थाने तर अख्खं घरच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं. मग रिज यांना पुन्हा सांगावं लागलं, की टेप जवळ ठेवा, पण इतक्यात खिडक्या बंद करू नका.

त्याच वर्षीच्या नाताळातला प्रकार याहून विचित्र. देश पुन्हा नारिंगीवर गेला, पॅरिसहून लॉस एंजेलिसला जाणारी विमानं रद्द झाली. पुढे अनेक वर्षांनी बाहेर आलं, की यामागे एका कंत्राटदाराचा दावा होता: अल जझीराच्या प्रक्षेपणात दडलेले गुप्त संकेत आपलं सॉफ्टवेअर वाचतं म्हणे. सीआयएने विश्वास ठेवला. फ्रेंचांनी तपासून पाहिलं, तर त्यात तथ्य नव्हतं.

इथे राजकारण होतं की निव्वळ धांदल? बहुधा धांदलच. पण बाहेरच्या माणसाला दोन्ही सारखंच दिसतं, कारण पुरावा गोपनीय आणि रंग ठरवायला बसणारे मंत्री, ज्यांचं भवितव्य मतपेटीवर टांगलेलं. त्यातून फायदा होत होता, हेही दिसलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉब विलर यांनी 2004 साली गॅलपच्या चाचण्या आणि सरकारी इशारे शेजारी मांडले. प्रत्येक इशाऱ्यामागे बुश यांची लोकप्रियता सरासरी पावणेतीन टक्क्यांनी वाढलेली आढळली. इशारा त्यासाठीच दिला, असं यातून सिद्ध होत नाही. संशयाला खतपाणी मात्र भरपूर मिळतं.

ब्रिटनही यातून सुटला नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये, इराक युद्धाच्या तोंडावर, ब्लेअर सरकारने हीथ्रो विमानतळावर लष्कराच्या चिलखती गाड्या उभ्या केल्या, तेव्हा हा युद्धाचा प्रचार आहे असं अनेकांना वाटलं. मात्र तिथे धोक्याची पातळी ठरवण्याचं काम एमआयफाइव्ह या देशांतर्गत गुप्तचर संस्थेच्या मुख्यालयातल्या तज्ज्ञांच्या केंद्राकडे गेलं. मंत्र्यांच्या संमतीची त्यात गरज नाही. 2006 पासून ही पातळी जाहीरही होते.

अमेरिकेत लाल रंग एकदाच लागला, ऑगस्ट 2006 मध्ये, ब्रिटनहून येणाऱ्या विमानांना. त्यानंतर विमानतळांवर नारिंगी जो चिकटला तो 2011 पर्यंत. न्यू जर्सीला लेकीकडे निघालेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांनीही विमानतळावर या नारिंगी इशाऱ्याची घोषणा ऐकली असेल आणि इतरांसारखीच सोडूनही दिली असेल.

सप्टेंबर 2009 मध्ये रिज यांचं आत्मकथन आलं. 2004 च्या मतदानाच्या तोंडावर बिन लादेनची चित्रफीत झळकली, तेव्हा संरक्षणमंत्री रम्सफेल्ड आणि महान्यायवादी अ‍ॅशक्रॉफ्ट पातळी वाढवण्याचा आग्रह धरत होते आणि हे सुरक्षेसाठी की राजकारणासाठी, असा प्रश्न आपल्याला पडला, असं त्यांनी लिहिलं. पातळी वाढली नाही. बुश यांच्या सल्लागार फ्रान्सिस टाउनसेंड यांनी हा आरोप फेटाळला. त्याच महिन्यात रंगपद्धतीची तपासणी करणाऱ्या समितीचा अहवाल आला. लोकांचा तिच्यावर विश्वास उरलेला नाही, असं त्यात नोंदवलं होतं. समितीच्या दोन अध्यक्षांपैकी एक होत्या याच टाउनसेंड. एप्रिल 2011 मध्ये रंग गेले. नव्या पद्धतीत इशारा कधी संपणार, याची तारीख त्याच्यावरच छापलेली असते.