पदवी आणि पुरावा

मुंबईच्या आयआयटीतील अभिकल्प केंद्राने तयार केलेल्या ‘स्वरचक्र’ या मोबाइलच्या कळफलकात ‘क’वर बोट टेकले, की भोवती का, कि, की, कु असे चक्र उमटते. हवे तिकडे बोट सरकवावे, अक्षर तयार! माणूस आणि यंत्र यांतील असा व्यवहार आखणे म्हणजे आंतरक्रिया-अभिकल्प.

हे काम आपल्याला येते, हे सिद्ध कसे करायचे? पदवी उपयोगी पडते, पण केलेले काम दाखवावेच लागते; आणि नुसती देखणी चित्रे पुरावा ठरत नाहीत. चांदूर रेल्वेच्या विद्यार्थ्यानेही सुरुवात स्थानकावरच करावी. वेळापत्रकाच्या फलकावर पाच प्रवाशांना एक गाडी शोधायला सांगावी. किती वेळ लागला, कोठे अडले, ते लिहावे. मग कागदावर नवा फलक आखून तो दुसऱ्या पाच जणांना द्यावा. प्रयोगवहीत आपण चुकलेली निरीक्षणे खोडत नाही. तसाच फसलेला आराखडाही जपावा. चूक कशी ओळखली आणि सुधारली, हाच खरा पुरावा.