घाटावरचं खारं, घाटाखालचं खारं

पोरांनो, आपल्या बुलढाण्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरी जिल्ह्यात खारं पाणी एक सोडून दोन ठिकाणी आहे. आणि दोन्हींची कुळकथा निरनिराळी.

घाटावरचं तुम्हाला ठाऊकच आहे: लोणार. काळ्या बसाल्ट खडकावर आकाशातून अशनी आदळला आणि सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. विष्णूनं इथं लोणासुराला गाडलं असंही म्हणतात. मला तीही गोष्ट आवडते. विवरात पाऊस उतरतो, झरे उतरतात, काठावरची धार तर चक्क गोड्या पाण्याची. पण आत आलेल्याला बाहेर वाट नाही. ऊन पाणी नेतं, क्षार मागे ठेवतं, कढईत पाणी आटवल्यावर बुडाशी राहावेत तसे. 2020च्या जूनमध्ये पाणी आटलं, क्षार चढले आणि तळं गुलाबी झालं. तो रंग मिठात सुखानं राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा होता. त्याच वर्षी तळ्याला रामसर स्थळाचा मान मिळाला. लोक फोटो काढायला धावले.

घाटाखाली कुणी फोटो काढत नाही. पण माझ्या मते खरी नवलाई तिथंच आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधली जमीन खचलेली. त्या खळग्यात पूर्णेनं आणि तिच्या उपनद्यांनी युगानुयुगं गाळ भरला, काही ठिकाणी शेकडो मीटर जाड. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या बाजूला हा खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला पट्टा, पसरलाय. पुढं तो अकोला, अमरावतीत जातो. चिकणमातीत पाणी मुंगीच्या पावलानं सरकतं, क्षार धुऊन जात नाहीत. शास्त्रज्ञ अजून नेमक्या कारणावर वाद घालतात, तो घालू द्या.

शेतकऱ्याची गंमत बघा, विहीर भरलेली आणि पीक वाळलेलं! ते पाणी रानात सोडलं की त्यातला सोडियम मातीचे कण सुटे करतो, बारीक कण छिद्रं बुजवतात आणि जमीन पाणी पिणंच सोडते. म्हणून तिथं कपाशी, तूर पावसावर आणि हरभरा मुरलेल्या ओलीवर. पावसाचं पाणी मात्र गोडंच, ते शेततळ्यात धरलं तर एखादं पाणी देता येतं.

तेव्हा घाटाखाली कुणी नवी विहीर खणायला निघाला, तर त्याला सांगा: आधी शेजारच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घे, मग कुदळ उचल.