रणातील लोकर

चैत्राच्या तोंडावर कच्छला जायचे आणि तेही लोकर घेऊन, हे ऐकून दांडिया बझारातल्या आमच्या शेजारी पुष्कळ करमणूक झाली. "काश्मीरचे तिकीट मिळाले नाही काय?" असे समोरच्या काकांनी विचारले. मावशीने उत्तर दिले नाही. त्या दिवसांत ती कोणालाच फारसे उत्तर देत नसे.

आमच्या घराण्यात गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत जन्मलेले एकही मूल असे नाही, की ज्याच्या डोक्यावर मावशीने विणलेले टोपडे चढले नाही. गेल्या दिवाळीत मात्र तिने सुया जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळल्या आणि ट्रंकेत टाकल्या. काचबिंदूने कडेचे सारे नेले होते आणि मधलेही धूसर केले होते. गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितले. टाका सुटला तर कळत नाही आणि सुटलेला टाका तसाच पुढे चालवणे तिच्या स्वभावात नाही. "एकदा रण बघून घेऊ," एवढेच ती म्हणाली. लोकर मी पिशवीत घातली, तिला न विचारता.

रात्री बडोद्याला सयाजीनगरी एक्सप्रेसमध्ये बसावे आणि सकाळी भुजला उतरावे. महाराजांच्या नावाची गाडी म्हणून आम्हा बडोदेकरांना तिचे उगाच कौतुक! भुजहून धोरडोचे पांढरे रण सुमारे ८० किलोमीटर. आम्ही दुपारी गेलो, ही चूकच झाली. क्षितिजापर्यंत मीठ, झाड नाही, पक्षी नाही, वर आकाशही पांढरे. मावशीने काळा चष्मा क्षणभर वर केला आणि म्हणाली, "इथे मला तुझ्याइतकेच दिसते." त्यावर मला काही बोलता आले नाही.

दुसऱ्या दिवशी भुजोडीकडे निघालो. हे वणकरांचे, म्हणजे विणकरांचे गाव. २००१ च्या २६ जानेवारीच्या भूकंपात भुजबरोबर हेही पडले आणि पुन्हा उभे राहिले. गावाबाहेर एका रबारी घराच्या पडवीत पाणी मागायला थांबलो, तर घरची बाई त्या उन्हात डोक्यावरून काळी लोकरीची ओढणी घेऊन बसलेली! मला पाहूनच घाम फुटला.

घरी आल्यावर या गोष्टीचा शोध घेतला. १९८० साली 'नेचर' या विज्ञानपत्रात याच कोड्यावर एक निबंध आला होता. सीनाईच्या वाळवंटातले बदाउनी लोक काळे झगे का घालतात, हा त्याचा विषय. एका माणसाला भर उन्हात पाळीपाळीने काळा झगा आणि पांढरा झगा घालून उभे केले. काळा झगा अधिक तापला, पण अंगापर्यंत पोचलेली उष्णता दोन्ही वेळा सारखीच भरली. जादा उष्णता सैल कपड्याखालच्या खेळत्या हवेने वाटेतच नेली होती. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत ओल पिते आणि तरी हाताला ओली लागत नाही. रात्री वाळवंट गार पडते, तेव्हा तिची ऊब असतेच. तेव्हा समोरच्या काकांनी हसण्यासारखे काही नव्हते.

विणकामाचेही तसेच आहे. आपल्याकडे ते गोऱ्या लोकांबरोबर आले, म्हणून ती थंड मुलखाची कला असे आपण धरून चालतो. पण दोन सुयांच्या विणकामाचे जुन्यात जुने नमुने मिळाले ते इजिप्तमध्ये. निळे-पांढरे सुती मोजे, सुमारे अकराव्या ते तेराव्या शतकातले. त्याहून कितीतरी जुने, एकाच सुईने गुंफलेले, लाल लोकरीचे मोजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. त्यांचा अंगठा वेगळा केला आहे, चपलेचा पट्टा बसावा म्हणून! हे सारे कोरड्या वाळूने जपून ठेवले.

असो. ती बाई बोलता बोलता सूत काढत होती. एका हातात पिंजलेल्या लोकरीचा पेळू, खाली लाकडी टकळी गरगरते आहे. मावशी पुढे वाकली. दिसेना, म्हणून आणखी वाकली. बाई हसली आणि म्हणाली, "जोवानुं नहीं, बा, अडवानुं." बघायचे नाही, हात लावायचा. तिने मावशीची बोटे धरून पेळूवर ठेवली. चिमटीत पीळ चढला की धागा बोटाला कडक लागतो, तेव्हा सोडायचे. सैल लागला की थांबायचे. मावशीचा धागा सात-आठ वेळा तुटला. पुढे तुटेनासा झाला. आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो, ते उन्हे कलेपर्यंत तिथेच होतो.

पूर्वी रबाऱ्यांनी लोकर द्यायची आणि वणकरांनी त्यांचे धाबळे, ओढण्या विणून द्यायच्या. मोबदल्यात दूध, तूप, धान्य. आपल्याकडे धनगर आणि घोंगडी विणणारे सनगर यांचे जे नाते, तेच हे. आता वणकरांच्या मागावर मेरिनो, अक्रिलिक आणि सूत चढते. मेरिनोचा तंतू साधारण २० मायक्रॉन जाडीचा, देशी लोकरीचा तीस किंवा त्याहून अधिक. शहरातल्या गिऱ्हाइकाला ती टोचते. बाईने सांगितले, की कातरणीची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, पुष्कळशी फेकूनच देतात. तिने एक गाठोडे मावशीच्या मांडीवर ठेवले आणि पैसे घेईना. मावशीने तेवढ्यावरून चांगला वाद घातला आणि पैसे दिलेच. माझी दुकानातली मऊ लोकर पिशवीतून बाहेर निघालीच नाही.

हल्ली दुपारी मावशी ओट्यावर टकळी घेऊन बसते. एकेरी धाग्याचे विणकाम तिरके ओढते, म्हणून दोन धागे उलट्या पिळाने एकत्र वळावे लागतात. तेही ती हाताच्या अंदाजाने करते. ही लोकर बाळाच्या टोपड्याला चालायची नाही, पण पूजेच्या आसनाला उत्तम. विणते मी. कच्छला लोकरीसाठी दुसरा निरोपही गेला आहे.

परवा तिने आसनावरून बोट फिरवले आणि मध्येच थांबली. माझा टाका सुटला होता, पुष्कळ खाली. बारा ओळी उसवाव्या लागल्या.