कर्ज उंबऱ्यापर्यंत : भाग ५ – कुलूपबंद दारावरची नोटीस

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमध्ये गणपती आणि शिमगा सोडला तर कितीतरी घरं कुलपातच असतात. माणसं मुंबईला, घरपट्टी भरायला कुणीतरी भाऊबंद. अशा घरावर वसुलीची नोटीस आली की घेणारं कुणी नसतं. मग वसुली अधिकारी पंचांसमक्ष ती दाराला डकवतो, पंचनामा करतो आणि निघून जातो. कायद्याच्या लेखी ती नोटीस तुम्हाला मिळाली. तुम्हाला मात्र ती गणपतीत दिसते, तोवर मुदत टळलेली असते.

‘मी फक्त सही केली होती’ या वाक्याला कायद्यात जागा नाही, हे गेल्या भागात पाहिलं. जामीनदार कर्जदाराइतकाच बांधील असतो. आता धनको घरापर्यंत कोणत्या वाटेनं पोचतो ते बघू, कारण दाद कुठे मागायची आणि किती दिवसांत मागायची हे त्या वाटेवर ठरतं. हाती नोटीस पडली की रकमेचा आकडा पाहून घाबरण्याआधी वर छापलेलं कलम वाचावं.

महाड-पोलादपूरकडे सगळ्यात जास्त वहिवाटीची वाट पतसंस्थेची. संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकांकडे वसुली दाखला मागते. कर्जदाराला आणि जामीनदारांना सुनावणीची नोटीस निघते. माझ्या मते सगळ्या लढाईतला मोलाचा दिवस हाच, आणि नेमका हाच लोक चुकवतात. व्याज करारापेक्षा जास्त लावलंय, भरलेले हप्ते खतावणीत आलेले नाहीत, जामिनाच्या कागदावरची सही आपली नाही, हे सांगायची जागा ती. तिथे गैरहजर राहिलात की दाखला निघतो, आणि थकबाकीच्या बाबतीत तो अंतिम पुरावा मानला जातो. पुढे कलम १५४ खाली सहनिबंधकांकडे पुनरीक्षण मागता येतं, पण दोन महिन्यांच्या आत आणि येणं रकमेच्या निम्मे पैसे आधी संस्थेत भरून. पाच लाखांचा दाखला असेल तर अडीच लाख भरल्याशिवाय तुमचं कुणी ऐकूनही घेणार नाही. सुनावणीला जायचा खर्च एसटीच्या तिकिटाचा.

दाखल्यानंतर सहकारी नियम १०७ सुरू होतो : मागणी नोटीस, स्थावराची जप्ती, मग लिलाव. लिलावाची जाहीर नोटीस निदान तीस दिवस आधी वसुली अधिकाऱ्याच्या आणि तालुक्याच्या कचेरीत लागते, शिवाय गावात दवंडी पिटावी लागते. दवंडी खरंच पिटली का, हे गावात राहणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून मुंबईकरानं गावातल्या एखाद्या जबाबदार माणसाला लक्ष ठेवायला सांगावं. लिलाव झाला तरी सगळं संपत नाही. विक्रीपासून तीस दिवसांत जाहीर केलेली थकबाकी, त्यावरचं व्याज-खर्च आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली, तर विक्री रद्द करून घेता येते. प्रक्रियेत मोठी त्रुटी असेल, तर तेवढ्याच मुदतीत त्या कारणावरही अर्ज करता येतो.

या टप्प्यावर पारावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘घर बायकोच्या नावावर करून टाक’. जप्तीनंतर केलेलं बक्षीसपत्र किंवा खरेदीखत धनकोच्या हक्कापुढे टिकत नाही, आणि जप्तीआधीचंही कर्ज बुडवण्यासाठी केल्याचं सिद्ध झालं तर रद्द होऊ शकतं. स्टॅम्प ड्यूटीचे पैसे तेवढे जातात.

दुसरी वाट बँकेची. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. असा पूर दुकानातला माल नेतो, पण त्या मालावर घेतलेली आणि राहतं घर तारण दिलेली कॅश क्रेडिट उचल तशीच राहते. नैसर्गिक आपत्तीत कर्जाची पुनर्रचना करण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे कायमचे निर्देश आहेत. ते बँकांना लागू होतात, पतसंस्थेला नाही. मात्र त्यासाठी वेळेत लेखी अर्ज करावा लागतो. ते राहून गेलं आणि हप्ता नव्वद दिवसांवर थकला, की खातं अनुत्पादक होतं आणि २००२ चा सरफेसी कायदा लागतो. सहकारी बँकांना तो वापरता येतो का, हा वाद मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ मे २०२० ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, येतो.

सरफेसीत आधी कलम १३(२) ची साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्यावी. बँकेला पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. नंतर कागदोपत्री ताबा, आणि प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. महाडच्या दिवाणी कोर्टात मनाई मागून सहसा काही मिळत नाही, कारण या कायद्यानं त्या कोर्टाचं दार बंद केलंय. सगळे पैसे भरून घर सोडवायचा हक्कही आता लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बाफना मोटर्सच्या निकालात हे पक्कं केलं. शेतजमिनीला सरफेसी लागत नाही, पण गावठाणातलं घर शेतजमीन नव्हे.

तिसरी वाट दिवाणी हुकूमनाम्याची : हातउसने, वचनचिठ्ठी, व्यापारी उधारी. इथे कर्जदाराला एक जुनं संरक्षण आहे. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि चार वर्षांनी दख्खन शेतकरी कायदा आला, हे शाळेत शिकलेलं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० मात्र कुणी शिकवत नाही. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नाही. अटी दोन. घर गहाण दिलेलं नसावं, आणि मालक त्यात स्वतः राहत असावा. डोंबिवलीत नोकरी करणाऱ्याच्या कुलूपबंद घराला हा आधार मिळणं कठीण.

बिनपरवाना सावकारानं उसन्या पैशापोटी थेट खरेदीखतच करून घेतलं असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला, तर ते खत अवैध ठरवून मालमत्ता परत देण्याचा आदेश त्यांना काढता येतो.

एक गोष्ट या भागात नव्यानं बदलते आहे. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा हा कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. म्हणून बँका अशा घरावर कर्ज द्यायला कचरत. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं स्वामित्व योजना सुरू केली, ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या. घर तारण ठेवणं सोपं झालं, तसं ते लिलावात काढणंही.

तडजोड करायची तर आकडा, मुदत आणि व्याजमाफी संस्थेच्या लेटरहेडवर घ्या. लोकअदालतीत केलीत तर तिला हुकूमनाम्याचं बळ येतं. पैसे फिटले की बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी केल्याची नोंद त्याच महिन्यात करून घ्या. डिसेंबर २०२३ पासून बँकेनं मूळ कागद तीस दिवसांत परत करायचे आहेत. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई.

पुढच्या भागात : चार भावांचं सामाईक घर आणि एकट्यानं काढलेलं कर्ज.